टोपी वगळून उंची

नात सहा वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही तळकोकणातल्या घरी होतो. रात्री वीज गेली, म्हणून मी तिला राखणदाराची गोष्ट सांगायला घेतली. रात्रभर गावाच्या शिवेवरून फिरणारा, वाट चुकलेल्याला घरी आणून सोडणारा राखणदार. तिने लगेच विचारले, "आजोबा, तो केवढा असतो? जेवतो काय? पावसात कुठे झोपतो?" मी म्हणालो, "असले प्रश्न विचारायचे नसतात. झोप आता."

ती झोपली. पुन्हा तिने ती गोष्ट कधी मागितली नाही.

पुढे काही वर्षांनी एका स्नेह्यांच्या कपाटात 'नोम्स' हे चित्रमय पुस्तक हाती लागले. मूळ डच पुस्तक १९७६ सालचे. मजकूर विल हाउखेन यांचा, चित्रे रीन पोर्टफ्लीट यांची. विषय, युरोपच्या लोककथांतला लाल टोपीचा, दाढीवाला बुटका. त्याची कथा सांगण्याऐवजी या दोघांनी, आपण त्याला प्रत्यक्ष पाहिले आहे असा गंभीर आव आणून, त्याची साद्यंत माहितीच दिली आहे. उंची १५ सेंटिमीटर, तीही टोपी वगळून! वजन ३०० ग्रॅम. आयुष्य सुमारे ४०० वर्षे. भेटल्यावर नाकाला नाक घासायचे. झाडाच्या मुळांखालचे त्याचे घर तर उभे कापून दाखवले आहे.

'टोपी वगळून' या दोन शब्दांपाशी मी थांबलो. बँकेत अख्खी नोकरी हिशेब तपासण्यात गेलेल्या माणसाला त्यांचे मोल कळते. ज्याने टोपी वगळली, त्याने नक्कीच मोजले असणार, असे वाटून जाते. हाउखेन पेशाने डॉक्टर होते. बुटक्याच्या शरीराचे आणि आजारांचे वर्णन ते जणू रुग्ण समोर बसला आहे अशा थाटात करतात. पोर्टफ्लीट जंगल नि जनावरे रंगवणारे. त्यांचे ससे नि पक्षी खरे, म्हणून त्यांच्या शेजारी उभा असलेला बुटकाही खरा.

आपल्याकडे मुलांसाठी लिहिताना बऱ्याचदा उलटे होते. कल्पनारम्य म्हटले की काहीही चालते, अशी आपली समजूत. परी येते, कांडी फिरवते, संपले. ती राहते कुठे, कांडी मोडली तर काय, याचा पत्ता नसतो. मुलांना मात्र नेमके तेच हवे असते. मूल प्रश्न विचारते ते गोष्ट खोडून काढायला नव्हे. त्या गोष्टीत राहायला जायचे असते त्याला. घर घेण्यापूर्वी आपण नाही का पाणी किती वेळ येते ते विचारत?

आपल्या वाडवडिलांना हे ठाऊक होते. वेंगुर्ल्याजवळ आरवलीच्या वेतोबाला भाविक चामड्याच्या मोठाल्या वहाणा वाहतात. तो रात्री गावाची राखण करीत फिरतो, त्यामुळे त्या झिजतात, अशी श्रद्धा. श्रद्धेचा प्रश्न ज्याचा त्याने सोडवावा. पण झिजलेल्या वहाणेचा हा तपशील पाहा! चालणारा आहे, तर तळवा झिजणारच. लोककथेचा हिशेब पक्का होता. तो ढिला झाला तो आम्हा सांगणाऱ्यांच्या कंटाळ्याने. मला उत्तर येत नव्हते असे नाही. त्या रात्री वहाणांची गोष्ट सांगितली असती तरी पुरे होते.

नात आता कॉलेजात आहे. परवा ती आली तेव्हा 'नोम्स' तिच्यापुढे ठेवले. झाडाखालच्या घराचे पान ती बराच वेळ न्याहाळत होती. मग वर न पाहताच म्हणाली, "आजोबा, राखणदार केवढा ते तुम्ही सांगितलंच नाहीत."

या वेळी मी तिला झोपायला सांगितले नाही.