प्रवेश अर्जातला गाडीचा रकाना

प्रवेशाची धांदल ओसरली की पुण्यातल्या बहुतेक महाविद्यालयांत एक ठरलेली मागणी पुढे येते: पार्किंगची शेड वाढवा. शेड वाढते आणि पुढच्या वर्षी तीही पुरत नाही. कुलसचिव, उपप्राचार्य आणि इस्टेट विभाग सांभाळणाऱ्या आमच्या वाचकांना या वेळी एकच गोष्ट आग्रहाने सांगायची आहे. पार्किंगचा प्रश्न गेटवर दिसतो, पण तोवर फार उशीर झालेला असतो. तो हातात घ्यायचा तर प्रवेश अर्जापासून आणि वेळापत्रकापासून घ्यावा लागेल.

सकाळची बॅच सुटते आणि दुपारची आत येते, त्या वेळी कुठल्याही मोठ्या कॉलेजच्या पार्किंगमध्ये उभे राहून पाहावे. हँडलमध्ये हँडल अडकलेले असते. सुरक्षारक्षक मागची कडी धरून एकेक मोपेड उचलून बाजूला सरकवत असतो. बाहेर पी-1, पी-2 च्या पाट्यांखाली जागा उरलेली नसते. तासाला उशीर झालेला मुलगा नो पार्किंगमध्ये गाडी लावून पळतो आणि वाहतूक शाखेचा टेम्पो ती उचलून नेतो. ही झुंबड थोड्या वेळाची असते. मग त्याच आवारात जागा मोकळी दिसू लागते. शाखाशाखांच्या तासांत अर्ध्या तासाचे अंतर ठेवले तर निम्मी गर्दी आपोआप पांगते. त्याला निविदा लागत नाही, वेळापत्रक समितीची एक बैठक पुरते.

जागेचा हिशेबही एकदा नीट मांडायला हवा. राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत मोटारीची जागा अडीच मीटर बाय पाच मीटर धरली आहे आणि दुचाकीची एक मीटर बाय दोन मीटर. एकट्याने आलेल्या एका प्राध्यापकाच्या मोटारीच्या जागेत सहा विद्यार्थ्यांच्या दुचाकी मावतात. तरीही शिस्तीचे सारे फलक विद्यार्थ्यांसाठीच लागतात. मोटारी एकत्र वापरण्याची सुरुवात स्टाफरूमपासून झाली, तर विद्यार्थ्यांना काही सांगायला आपल्याला तोंड राहील.

सर्वांत गंभीर बाब अकरावी-बारावीची आहे. सोळा ते अठरा वयात परवाना मिळतो तो फक्त 50 सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचा, आणि मुले ज्या मोपेडवर येतात त्या 110, 125 सीसीच्या असतात. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 199अ नुसार अल्पवयीन मुलाच्या गुन्ह्यासाठी पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार रुपये दंड होऊ शकतो. अशा मुलाच्या गाडीला आपण स्टिकर देतो, तेव्हा त्याच्या जिवाशी खेळणाऱ्या व्यवस्थेत आपणही सामील होतो. परवान्याची प्रत पाहिल्याशिवाय स्टिकर देऊ नये. यात ओळखीपाळखीला जागा ठेवू नये.

मग मुलांनी यायचे कसे? सोय उभी राहते आहे. 6 मार्च 2022 रोजी वनाज ते गरवारे कॉलेज हा मेट्रोचा टप्पा सुरू झाला आणि पुण्यातल्या एका महाविद्यालयाच्या नावाचे स्थानक मिळाले. शिवाजीनगर स्थानकातून सीओईपीला चालत जाता येते. मेट्रोत विद्यार्थ्यांना सवलत आहे, पीएमपीएमएलच्या बसचा सवलतीचा पासही आहे. अडते ते त्यासाठी लागणाऱ्या बोनाफाईड प्रमाणपत्रापाशी. खिडकीपुढची रांग, शिक्का मारायला नसलेला कारकून, ‘उद्या या’ हे उत्तर. तेवढ्यात मुलगा वडिलांकडे गाडी मागून मोकळा होतो. प्रवेश अर्जात ‘कॉलेजला कसे येणार?’ हा रकाना ठेवावा आणि बस किंवा मेट्रो लिहिणाऱ्याच्या हातात फीच्या पावतीबरोबरच बोनाफाईड द्यावे.

मोठ्या आवारांत गेटपासून वर्गापर्यंतचे अंतर हा वेगळा प्रश्न आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे आवार चारशे एकरांहून मोठे आहे. डिसेंबर 2017 मध्ये तिथे स्मार्ट सिटीच्या योजनेतून भाड्याच्या सायकली आल्या. त्या टिकल्या नाहीत, पण कल्पना चुकीची नव्हती, असे आमचे ठाम मत आहे. सायकल दुरुस्त करणारा माणूस आवारातच आणि संस्थेच्या पगारावर हवा. कंपनी गेली की सायकली गंजत पडणार, हे करार करतानाच दिसायला हवे.

राहिला शुल्काचा मुद्दा. फुकट पार्किंग हा विद्यार्थ्यांचा हक्क मानला जातो, पण त्या फरसबंदीचा आणि रखवालीचा खर्च एसटीने येणारी भोरची मुलगीही आपल्या फीमधून भरते. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठाने 1991 मध्ये यू-पास सुरू करताना पार्किंग महाग केले आणि त्याच वेळी विद्यार्थी-कर्मचाऱ्यांच्या हाती स्वस्त बस पास दिला. या दोन्ही गोष्टी एकदमच व्हायला हव्यात. नुसते शुल्क लावले तर मोर्चा येईल आणि तो रास्तच असेल. कॉलेज सुटल्यावर नोकरीवर जाणारे, अपंग विद्यार्थी, प्रयोगशाळेतून उशिरा निघणाऱ्या मुली यांना शुल्कातून वगळलेच पाहिजे.

येत्या सत्राच्या पहिल्या आठवड्यात आपल्या गेटवर एक दिवस गणती करा: किती दुचाकी, किती मोटारी, किती जण एकेकटे, कोणत्या वेळी. ती आमच्याकडे पाठवा. आलेल्या सर्व गणत्या पुढील अंकात शेजारी शेजारी छापू आणि पीएमपीएमएलच्या कार्यालयात बसच्या सोयीची एकत्रित मागणी घेऊन जाऊ.