अलिखित हमीचे घर

आमच्या सुशिक्षित समाजात अधूनमधून एखादे नवे औषध येते आणि ते येताच जुन्या साऱ्या रोगांचे निदान त्या औषधास अनुसरून बदलले जाते. सध्याचे औषध म्हणजे घरकर्जांचे रोखे. मे २०२५ मध्ये नॅशनल हाऊसिंग बँकेच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या एका कंपनीने, एल.आय.सी. हाऊसिंग फायनान्सने वाटलेली घरकर्जे एकत्र बांधून त्यांवर सुमारे १,००० कोटी रुपयांचे रोखे काढले आणि ते राष्ट्रीय शेअरबाजारात नोंदविले गेले. झाले! तेव्हापासून आमच्या अर्थपंडितांच्या लेखण्यांस धार चढली आहे. भारतासही आता अमेरिकेसारखी सरकारी पाठबळाची गहाणकर्ज-संस्था लाभणार, सावकारी संस्थांचे अडकलेले भांडवल मोकळे होणार, व्याज उतरणार, आणि गरिबाच्या डोक्यावर छप्पर येणार. या चार 'णार'पैकी पहिले दोन खरे ठरतील हे आम्ही आनंदाने मान्य करतो. तिसऱ्याविषयी आम्हांस शंका आहे. चौथे मात्र साफ खोटे आहे, आणि ते का खोटे आहे हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

प्रस्तुत लेखकाचा व्यवसाय इंग्रजी वाङ्मय शिकविण्याचा. 'तुम्ही शेक्सपिअर सांभाळा, व्याजाचे आम्ही पाहून घेऊ,' असे आमचे एक बँकेतील स्नेही नेहमी बजावतात. त्यांना हे स्मरत नाही की, गहाणखताच्या भयंकर अटींवर नाटक रचण्याचे धाडस शेक्सपिअरनेच केले होते! शिवाय 'मॉर्गेज' हा शब्दच मुळी जुन्या फ्रेंचमधून आलेला, आणि त्याचा अर्थ 'मृत तारण' असा आहे. कोक या सतराव्या शतकातील न्यायपंडिताने त्याची फोड अशी केली की, ऋणकोने पैसे फेडले नाहीत तर वस्तू त्याला मेली, आणि फेडले तर ती धनकोला मेली. आमच्या भाषेने याच व्यवहारास 'तारण' म्हटले. शब्द मोठा आशावादी खरा. परंतु ते तारते कोणाला, हा प्रश्न कोकच्या फोडीत आहे तसा आमच्या शब्दात नाही.

ज्या अमेरिकेचा दाखला देण्यात येतो तिची हकीकत थोडक्यात अशी. १९३८ साली, रूझवेल्टच्या कारकिर्दीत, बँकांकडील घरकर्जे विकत घेऊन त्यांस नवे भांडवल पुरविण्यासाठी 'फॅनी मे' या टोपणनावाने प्रसिद्धीस आलेली सरकारी संस्था निघाली. तोवर ठीकच होते. पुढे व्हिएतनामच्या युद्धाने अंदाजपत्रक फुगले, तेव्हा तिचे ओझे सरकारी हिशेबाबाहेर काढावे म्हणून १९६८ मध्ये तिचे भाग खासगी भागधारकांस विकण्यात आले. १९७० मध्ये 'फ्रेडी मॅक' ही तिची धाकटी बहीण जन्मास आली. आता मौज पाहा. या दोघींच्या रोख्यांस सरकारची हमी नाही, असे कागदावर स्पष्ट लिहिलेले होते. पण बाजाराने तो कागद वाचलाच नाही. सरकार यांना बुडू देणार नाही, हे सर्वांनी मनोमन धरले, आणि म्हणून या कंपन्यांस इतरांहून स्वस्त कर्ज मिळत गेले. त्या स्वस्ताईचा काही भाग घर घेणाऱ्यास पोचला. बराच भाग भागधारकांच्या व अधिकाऱ्यांच्या पदरी पडला. सप्टेंबर २००८ मध्ये दोघी कोसळू लागल्या तेव्हा बाजाराचेच खरे ठरले. सरकारने त्या आपल्या ताब्यात घेतल्या व सुमारे १९० अब्ज डॉलर त्यांत ओतले.

यावर आमचे प्रतिपक्षी म्हणतील, आणि ते म्हणणे खरे आहे, की पुढे २०१२ पासून त्यांचा नफा सरकारने खेचून घेतला व जितके दिले होते त्याहून अधिक परत मिळविले. होय, तिजोरी भरून निघाली. परंतु मधल्या काळात ज्या लक्षावधी कुटुंबांची घरे जप्त झाली त्यांना कोणी काय परत दिले? आणि तो नफा आला तो अलिखित हमी लिखित झाल्यावर, सरकार उघडपणे पाठीशी उभे राहिल्यावर आला, हेही ध्यानात ठेवावे. २००८ नंतर सतरा वर्षे तेथे वाद चालला: कोणी म्हणे कंपन्या पुन्हा भागधारकांस द्या, कोणी म्हणे मोडून टाका, कोणी म्हणे हमी ठेवा पण तिचे मोल घ्या. जे राष्ट्र इतक्या वर्षांत आपल्या गाठीचा पीळ सोडवू शकले नाही, त्याचीच गाठ आपण हौसेने मारून घ्यावी काय?

परदेशाचे उदाहरण आपणांस लागू नाही असे ज्यांस वाटते त्यांनी घरचे पाहावे. १९३५ साली मुंबई इलाख्यात प्रांतिक सहकारी भूतारण बँक स्थापन झाली. जमिनी गहाण घेऊन ती शेतकऱ्यास दीर्घ मुदतीचे कर्ज देई, आणि त्यासाठी जे रोखे विकी त्यांच्या मुद्दलाची व व्याजाची हमी सरकार देई. हीच पुढे भूविकास बँक झाली. तिच्या कर्जावर विहिरी खणल्या गेल्या, इंजिने बसली. त्या पिढीचे ऋण कोणी नाकारू नये. पण हमी सरकारची, वसुली दुसऱ्याची आणि मतांची गरज तिसऱ्याची अशी व्यवस्था फार काळ टिकत नसते. गेल्या शतकाच्या अखेरीस कर्जवाटप आटले, बँका अवसायनात निघाल्या, आणि शेतकऱ्यांच्या सातबारावरचा बोजा मात्र वर्षानुवर्षे तसाच राहिला. ऑक्टोबर २०२२ मध्ये राज्य सरकारने सुमारे ३५ हजार शेतकऱ्यांकडील सुमारे ९६४ कोटींची थकबाकी माफ केली तेव्हा कोठे तो उतरण्याचा मार्ग खुला झाला. आणि लक्षात घ्या, ही हमी निदान लिखित होती! विधिमंडळास ती दिसत होती, हिशेबात ती येत होती. अलिखित हमीला तेवढीही लाज नसते.

असो. हमीचे धोके हा आमच्या आक्षेपाचा अर्धाच भाग आहे. दुसरा अर्धा अधिक जवळचा आहे.

आम्ही राहतो ते कोडोली हे पन्हाळा तालुक्यातील ऊसकऱ्यांचे मोठे गाव. पलीकडे वारणानगर, तात्यासाहेब कोऱ्यांनी उभारलेल्या सहकाराची नगरी. पैसा या भागास अपरिचित नाही. बँका, पतसंस्था यांच्या पाट्या पावलोपावली आहेत. या गावात घर बांधण्यासाठी पैसे नाहीत असे कोणी म्हणेल तर पोरे हसतील. आणि तरीही आमच्या महाविद्यालयातून निवृत्त झालेल्या एका शिपायास घरासाठी ४ लाख रुपये कोणी दिले नाहीत.

त्यांचे घर गावठाणात, आजोबांच्या वेळचे, पांढऱ्या मातीच्या भिंतींचे. २०१९ च्या अतिवृष्टीत मागची भिंत बसली. निवृत्तिवेतन नियमित, दोन मुलगे कमावते, तीस वर्षांत एका पैचे कर्ज बुडविलेले नाही. बँकेत गेले तर साहेबांनी मिळकतपत्रिका मागितली. यांच्यापाशी ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा, आणि तोही आजोबांच्या नावाचा. साहेब म्हणाले, हा घरपट्टीचा कागद झाला, मालकीचा नव्हे. कायद्याने साहेबांचे म्हणणे बरोबर होते, हे सांगणे भाग आहे. शेवटी घरच्या बाईंच्या नावे एका खासगी कंपनीचे आठवडी हप्त्यांचे कर्ज निघाले व उरलेल्यासाठी पाटल्या गहाण पडल्या. 'सर, दर शेकडा चोवीस पडला,' हे सांगताना त्यांनी आवाज उतरविला, जणू काही गुन्हा त्यांचाच होता.

त्याच सुमारास प्रस्तुत लेखकाने कोल्हापुरात एक सदनिका घेतली. मंजुरीस नऊ दिवस लागले. दर शेकडा साडेआठ. शिवाय जुन्या करपद्धतीत व्याजावर २ लाखांपर्यंत प्राप्तिकराची सूट. एका प्राध्यापकाच्या दुसऱ्या घरट्यास सरकारने हातभार लावला, आणि शिपायाच्या एकुलत्या घराची भिंत चोवीस टक्क्यांनी उभी राहिली. पंतप्रधान आवास योजनेतील व्याज-अनुदानाचा इतिहास याहून निराळा नाही. ते अनुदान, जास्तीत जास्त २ लाख ६७ हजारांचे, मिळण्यासाठी आधी कर्ज मिळावे लागे. आणि २०१७ पासून वर्षाला १८ लाख कमावणाऱ्यासही त्याच्या पंक्तीस बसविण्यात आले. उलट खेड्यातील घरकुलास सपाटीच्या प्रदेशात १ लाख २० हजार. आणि जेथे पैसा दूरच्या कार्यालयातून, खातेदाराचे तोंडही न पाहता वाहतो तेथे काय होऊ शकते? मार्च २०२१ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने दिवाण हाऊसिंग फायनान्सच्या प्रवर्तकांवर गुन्हा नोंदविला. २ लाख ६० हजार बनावट घरकर्ज-खाती दाखवून त्यांवर याच योजनेचे अनुदान मागितले, असा आरोप त्यात आहे. आरोपाचा निर्णय न्यायालय देईल. पण जिवंत शिपायास एक खाते मिळू नये आणि कागदी माणसांची लाखो खाती निघाल्याचा संशय यावा, हे चित्रच पुरेसे बोलके आहे.

तेव्हा अडचण पैशाची नसून कागदाची आहे. गावठाणाची मोजणी झालेली नाही. गुंठेवारीत घेतलेल्या तुकड्यांस, २००१ चा कायदा असूनही, कित्येक ठिकाणी नियमित उतारा नाही. १९४७ च्या तुकडेबंदीने जे खरेदीखत होऊच शकत नव्हते ते साध्या नोटरीच्या कागदावर होत आले. सरकारने २०२५ मध्ये तो कायदा सैल केला, हे उशिरा का होईना बरे झाले. अशा घरांवरील कर्ज रोख्यांच्या गाठोड्यात बांधले जाणारच नाही, कारण ते मुळात दिलेच जाणार नाही. मग गाठोड्यात बांधले जाईल काय? पुण्या-मुंबईच्या पगारदारांचे, आमच्यासारख्यांचे कर्ज. म्हणजे ज्यास नऊ दिवसांत मिळत होते त्यास सात दिवसांत मिळेल. याला गरिबांचे छप्पर म्हणणे हा शब्दांचा व्यभिचार आहे.

या नव्या कंपनीने आज सरकारी हमी दिली आहे असे आमचे म्हणणे नाही. परंतु तिच्यामागे नॅशनल हाऊसिंग बँक आहे, आणि ती बँक २०१९ पासून सर्वस्वी केंद्र सरकारच्या मालकीची आहे. फॅनीच्या कागदावरही हमी नव्हती! म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. हमी द्यावयाची तर ती कायद्याने लिहा, तिचे शुल्क घ्या, आणि संसदेपुढे दरवर्षी तिचा हिशेब ठेवा. द्यावयाची नसेल तर पहिल्याच संकटात ते सिद्ध करून दाखविण्याची तयारी आजच ठेवा. मूळ कर्ज देणाऱ्याने आपल्याजवळ राखावयाचा पाच टक्क्यांचा हिस्सा आम्हांस अपुरा वाटतो. तो अधिक असावा, म्हणजे कर्ज विकून हात झटकण्याची सवय लागणार नाही. आणि या रोख्यांच्या समारंभांवर जितका उत्साह खर्च होतो त्याचा चतुर्थांश भूमिअभिलेख कार्यालयातील मोजणीदारांच्या रिकाम्या जागा भरण्यावर खर्च करा.

काम सुरू नाही असे नव्हे. पुरंदर तालुक्यातील सोनोरीत प्रथम प्रयोग झाला आणि २०२० पासून 'स्वामित्व' या नावाने देशभर गावठाणांवर ड्रोन फिरू लागले. आमच्या शेजारच्या एका वाडीवरूनही ते फिरले. मोजणीपूर्वी लोकांनी आपापल्या घरांभोवती चुन्याच्या पांढऱ्या रेघा ओढल्या होत्या. भावाभावांत त्या रेघांवरून दोन दिवस भांडणे झाली व मिटलीही. आमचे शिपाईमामा मुद्दाम ते पाहावयास गेले होते. परत आल्यावर त्यांनी एवढेच विचारले, 'सर, पत्रिका हातात पडली म्हणजे पाटल्या सोडवायला बँक पैसे देईल का?' आम्ही त्यांना घेऊन बँकेत जाण्याचे कबूल केले आहे.