आधी लातूरला आणा

डिसेंबर 2024. भाऊ-वहिनी दत्तजयंती करून गाणगापूरहून उदगीरला परत निघाले होते. हुमनाबाद मागं पडलं आणि समोरून आलेल्या टेम्पोनं गाडीला घासत नेलं. गाडी कडेच्या चारीत उलटली. नांदेडला माझा फोन वाजला. पलीकडं पुतण्या रडत होता. त्याला मी पहिलं वाक्य बोललो ते असं : "आधी त्याला लातूरला आणा."

"शुद्धीवर हायेत, काका. पाय मोडलाय. आणायलोत," तो म्हणाला.

त्यांनी आणलं. बिदर ओलांडलं, उदगीर ओलांडलं, लातूर गाठलं. बिदरला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, गाडी त्याच गावातून गेली. एका परक्या माणसाच्या जीपमध्ये मागच्या सीटवर भाऊ आडवा, मोडलेला पाय धड पायाला वहिनीच्या शालीनं बांधलेला, मधे आधाराला घडी घातलेली छत्री. तीन तास.

लातूरला डॉक्टरांनी पँट कात्रीनं कापली तेव्हा मांडी दुप्पट सुजलेली होती, कातडी ताणून चकाकत होती. रक्तदाब पार खाली गेलेला. "मांडीचं हाड मोडलं की लिटरभर रक्त आतल्या आत सांडतं," डॉक्टर म्हणाले, "बाहेर थेंब दिसत नाही. बिदरला का नाही थांबलात?"

उत्तर माझ्याकडं होतं, पण दिलं नाही. परमुलूख, कानडी भाषा, ओळखीचं कुणी नाही. वास्तविक 1956 पर्यंत उदगीर तालुका बिदर जिल्ह्यातच होता. आमच्या आजोबांच्या कोर्टाच्या तारखा बिदरला पडायच्या, ते मुक्काम करून यायचे. तेच बिदर त्या दुपारी मला परकं वाटलं.

बाहेर न दिसणारा रक्तस्राव जीव घेतो, हे मराठवाड्याला नव्यानं सांगायला नको होतं. 3 जून 2014 ला दिल्लीत गोपीनाथ मुंडे मागच्या सीटवर बसून विमानतळाकडं निघाले होते. धडक बसली. वरून पाहता मोठी जखम नव्हती. मान मोडली होती आणि यकृत फाटून आत रक्तस्राव झाला होता. माणूस बोलतोय म्हणजे बरा आहे, ही आपली समजूत त्या सकाळनंतर तरी जायला हवी होती.

रस्त्यावर पडलेल्या माणसाला जीपमध्ये कोंबायचं नसतं. 112 किंवा 108 लावायचा. 108 ची रुग्णवाहिका कर्नाटकात आहे, तेलंगणातही आहे. राष्ट्रीय महामार्ग असेल तर 1033. जवळचं रुग्णालय "आधी पोलीस, मग उपचार" असं म्हणू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयानं 1989 मध्येच परमानंद कटारा खटल्यात ते सांगून ठेवलं आहे. मे 2025 पासून तर केंद्राची योजना आहे : अपघाताच्या दिवसापासून सात दिवस, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार, नेमून दिलेल्या रुग्णालयात, रोख न भरता. जखमी कुठल्या राज्याचा, हा प्रश्न तिथं येत नाही.

दुसरी चूक मला महिन्याभरानं कळली. टेम्पोवाला पळाला नव्हता. थांबला होता, त्यानंच वहिनीला पाणी दिलं. पण सगळे भावाला उचलण्यात गुंतलेले, नंबर कुणी टिपला नाही, फोटो काढला नाही. जीप निघाली, तोही निघाला. लातूरला पोलिसांनी शून्य क्रमांकानं गुन्हा नोंदवून तिकडं पाठवला. 1 जुलै 2024 पासून नव्या कायद्यात ती सोय आहेच, गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो. तिकडचे पोलीस जागेवर गेले तोवर आमची गाडी क्रेननं हललेली, काचा झाडून कडेला लावलेल्या. त्यांनी मन लावून पंचनामा केला. पण नसलेल्या गोष्टी त्यात कुठून येणार? आठ पानी कानडी कागद उदगीरच्या बसस्थानकाजवळ एका म्हाताऱ्या चहावाल्यानं आम्हाला वाचून दाखवला. एका ओळीवर बोट ठेवून तो म्हणाला, "इथं लिहिलंय, वाहन अज्ञात."

त्या दोन शब्दांची किंमत सांगतो. वाहन माहीत असलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 खाली दावा आपल्या राहत्या हद्दीच्या न्यायाधिकरणात लावता येतो. अपघात परराज्यात झाला तरी तारखेला तिकडं जावं लागत नाही. अट एकच, सहा महिन्यांच्या आत. वाहन अज्ञात राहिलं की गंभीर दुखापतीला मिळतात 50,000 रुपये, आणि तो अर्ज अपघात घडला त्याच तालुक्यात करायचा. म्हणजे माणूस तिथं ठेवायचा होता, तो आम्ही घरी आणला. आणि दावा घरी आणता आला असता, तो तिथं ठेवला.

पुतण्याला मी दोष देत नाही. बावीस वर्षांचं पोर, बापाचा पाय उलटा वळलेला पाहत होतं. त्याला नंबर टिपायला सांगणारा, "हलवू नको, 108 लाव" म्हणणारा माणूस फोनच्या दुसऱ्या टोकाला, नांदेडला, खुर्चीवर बसलेला होता.

भावाच्या मांडीत रॉड आहे. थंडीत लंगडतो. गाडी बिदरला का थांबली नाही, हे त्यानं पुतण्याला दोनदा विचारलं. पोरगं म्हणालं, "घाबरलो होतो, दादा, सुचलं नाही." माझं नाव त्यानं अजून घेतलेलं नाही. हा पेपर उदगीरला सकाळी साडेसातपर्यंत पोचतो, आणि भाऊ तो पहिल्या पानापासून वाचतो.