कूलर कोणाचा, बिल कोणाचं?

गेल्या मे महिन्यात आमच्या मजल्यावर विजेच्या बिलावरून जे भांडण झालं, ते अजून पूर्ण मिटलेलं नाही. नवतपा सुरू, पारा पंचेचाळीसच्या आसपास, पेपर तोंडावर. त्यात नोटीस लागली की बिल वाढलं आहे आणि वाढीव रक्कम सगळ्या खोल्यांवर सारखी बसेल. झालं! ज्याच्या खोलीत कूलरच नव्हता तो पोट्टा नोटीस बोर्डासमोर उभा राहून म्हणाला, "काहून बे, तुमच्या गारव्याचे पैसे मी काहून देऊ?" उत्तर कोणाकडेच नव्हतं. माझ्याकडे तर नव्हतंच, कारण माझा कूलर लेक्चरच्या वेळातही चालू असतो. परत आल्यावर खोली गार मिळते ना!

जरा हिशेब मांडून बघा. कूलर साधारण २०० वॅटचा. रिकाम्या खोलीत सहा तास चालला तर १.२ युनिट. युनिटला १० रुपये धरले तर १२ रुपये. समजा होस्टेलला ४० खोल्या आहेत. म्हणजे माझ्या खोलीच्या वाट्याला आले ३० पैसे आणि बाकीचे ११ रुपये ७० पैसे इतरांच्या डोक्यावर. इतक्या स्वस्तात गारवा मिळत असेल तर बटण बंद करायला कोण उठणार? इकॉनॉमिक्सच्या पेपरला 'एक्स्टर्नॅलिटी'वर शॉर्ट नोट येते म्हणून आपण आदल्या रात्री रट्टा मारतो. मजा एकाने करायची आणि भार दुसऱ्याने सोसायचा अशी सोय असली, की ती गोष्ट गरजेपेक्षा जास्त होते. आर्थर पिगू या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने हे १९२० मध्ये पुस्तकात मांडलं. ती शॉर्ट नोट आमच्याच मजल्यावर राहते, हे मला भांडणानंतर कळलं.

त्या नादात सेव्हरिन बोरेनस्टाइन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाचं काम वाचायला घेतलं. हा माणूस विमान कंपन्यांवरही लिहितो आणि विजेवरही. आधी वाटलं, कुठे विमान अन् कुठे वीज! पण दोन्हींचं दुखणं एकच आहे. विमान उडालं की रिकाम्या सीटची किंमत शून्य, ती उद्यासाठी ठेवता येत नाही. वीजही मोठ्या प्रमाणावर साठवायची तर महाग पडते. त्यामुळे कोणत्या वेळी मागता यावर खरा खर्च ठरतो. तिकिटात तो आपल्याला दिसतो. दिवाळीत पुण्याहून नागपूरला विमानाने येणाऱ्या कोणालाही विचारा. विजेत मात्र संध्याकाळी सगळं राज्य एकदम दिवे लावतं तेव्हाचं युनिट आणि भर दुपारचं युनिट बहुतेकांना एकाच भावाचं वाटतं. हा फरक ग्राहकाला दिसला पाहिजे, असं बोरेनस्टाइन बरीच वर्षं सांगत आले आहेत.

त्यांचा १९८९ चा एक शोधनिबंध तर नागपूरकरांनी वाचायलाच हवा. एखाद्या विमानतळावर एकाच कंपनीचं वर्चस्व असेल, तर त्या शहरातून निघणाऱ्या किंवा तिथे उतरणाऱ्या प्रवाशांना तिकीट महाग पडतं, आणि तिथे फक्त विमान बदलणाऱ्यांवर तो भार तसा पडत नाही, असं त्यांना अमेरिकेत आढळलं. आपल्याला 'हब' या शब्दाचं फार कौतुक. झिरो माईल आपल्याकडे, म्हणून सगळं इथूनच जावं! एकदा गेलंही होतं. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री नागपूरला भेटायची, टपालाच्या थैल्या आणि प्रवासी बदलायचे, आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परत. फेडेक्सने मेम्फिसहून अशाच पद्धतीने धंदा सुरू केला तो १९७३ मध्ये. म्हणजे आपण चोवीस वर्षं पुढे होतो. पण पत्रं मुंबईची, उत्तरं कलकत्त्याची. आपल्याकडे काय राहिलं? मध्यरात्रीची घरघर. मिहानवर बोलताना म्हणून मला किती विमानं येणार यापेक्षा शिवणगावच्या शेतांचा खर्च कोणत्या रकान्यात लिहिला, हे विचारावंसं वाटतं.

संत्र्याचंही तसंच. बांगलादेशने २०१९ नंतर तीन-चार वर्षांत आयात शुल्क चौपटीहून जास्त केलं. निर्णय ढाक्यात झाला, भाव पडले काटोल-वरुडला. बुधवार बाजारात आपल्याला तेव्हा संत्री स्वस्त मिळाली आणि आपण खूश झालो.

पण मला सगळ्यात जास्त टोचतं ते कोराडी. कोळशाच्या विजेचं एक युनिट म्हणजे ढोबळमानाने पाऊण किलोच्या आतबाहेर कोळसा. आपल्याकडच्या कोळशात राखच तीस-चाळीस टक्के, म्हणजे दर युनिटमागे साधारण पाव किलो राख. माझ्या रिकाम्या खोलीतल्या कूलरने रोज तेवढी, थोडी जास्तच, राख तयार केली. ती कुठे गेली? जुलै २०२२ मध्ये खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला आणि राख शेतांत, नदीत पसरली. वीज राज्यभर जाते, राख इथेच राहते. चिमणीतल्या गंधकाच्या वायूवर केंद्राने डिसेंबर २०१५ मध्ये मर्यादा घातली, यंत्रणा बसवायला दोन वर्षं दिली. मग मुदती वाढत गेल्या आणि जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुतेक केंद्रांना त्यातून सूटच मिळाली. यंत्रणा बसवली की युनिट महागतं, हे खरं आहे. न बसवल्यास तो खर्च दवाखान्याच्या बिलात जातो, आणि ते बिल महावितरण छापत नाही. उमरेड रोडच्या त्या टोकाला कोळशाच्या खाणी, शहराच्या दुसऱ्या टोकाला कोराडी, आणि मधोमध सक्करदऱ्यात आपण, कूलर लावून झोपलेले.

कोराडीचं धोरण आपल्या हातात नाही. होस्टेलचं बिल आहे. माझी सूचना साधी आहे: प्रत्येक खोलीला सब-मीटर लावा. ठरावीक युनिट फीमध्येच धरा, त्यावर वापर झाला तर ज्याचे त्याने भरावेत. गच्चीखालच्या खोल्या भट्टीसारख्या तापतात, त्यांना कोटा जास्त द्या, नाहीतर ती नवी अन्यायाची सोय होईल. माझा रूममेट म्हणतो, "म्हणजे गरीब पोट्ट्याने घामाघूम व्हायचं?" प्रश्न रास्त आहे. पण आज तोच गरीब पोट्टा माझ्या कूलरचे पैसे भरतो आहे, त्याचं काय? आणि स्टाफने रागावू नये, पण रिकाम्या लॅबमध्ये अठरावर चाललेला एसी आम्हीही बघतो. एक मीटर तिथेही लावा.

रेक्टर सर म्हणतात, रीडिंग कोण घेणार? इलेक्ट्रिकलच्या पोरांना मिनी प्रोजेक्ट द्या, वायवाला मार्क द्या, रांग लागेल. तोपर्यंत आमच्या मजल्याचं रीडिंग मी घेतो. पहिला मीटर माझ्या खोलीला लावा.