लेव्हल कॅप हवीच!

'फॉलआउट ३' २००८ साली आला तेव्हा २० व्या लेव्हलला गाडी थांबायची. अर्धा गेम बाकी आणि प्रगती बंद! जाम वैतागलो होतो. २००९ मध्ये 'ब्रोकन स्टील' आलं, मर्यादा ३० झाली. ३० ला एक पर्क मिळायचा, 'ऑलमोस्ट परफेक्ट'. ताकद, बुद्धी, नशीब... सातही गुण थेट ९ वर! हावरटासारखा घेतला.

तोवर माझा गडी हडकुळा पण बोलबच्चन होता. गोड बोलून कामं काढायचा. आता तो आणि मित्राचा पैलवान, दोघे सारखेच. मग सुरुवातीला डोकं खाजवून वाटलेले पॉइंट्स कशासाठी?

मला विचाराल तर कॅप ही शिक्षा नाहीच. सगळं मिळणार नसेल तरच निवडीला अर्थ असतो.

असो. गेम पुन्हा खेळायला घेतलाय. या वेळी तो पर्क घेणार नाही.