फलकावर न लागलेली नावे

ऑस्ट्रेलियात गेलेल्या बडोदेकराने क्रिकेटची मैदाने पाहावीत आणि परत येऊन हजाऱ्यांच्या आठवणी काढाव्यात, ही आपली रीत. फेब्रुवारी २०२३ मध्ये ब्रिस्बेनला पुतण्याकडे राहावयास गेलो तेव्हा माझाही तोच बेत होता. पण एके दिवशी पुतण्या म्हणाला, "काका, क्रिकेट तुम्ही जन्मभर पाहिलंत. आज माझ्याबरोबर रेडक्लिफला चला. आमच्या नव्या संघाचा चाचणी सामना आहे."

चाचणी सामना म्हणजे हंगामाआधीची परीक्षा. त्यातील जयापजय लीगच्या गुणतक्त्यात धरला जात नाही. असा सामना पाहण्यासाठी एवढ्या उन्हात, समुद्रावरचा लांबच लांब पूल ओलांडून कोण जाणार, असे मला वाटले. मैदानावर पोहोचलो तो बसायला जागा शोधावी लागली!

खेळ होता रग्बी लीग. तेरा-तेरा गड्यांचा आणि ऐंशी मिनिटांचा. चेंडू हातात घेऊन पुढे धावायचे, पण हाताने द्यायचा तो मागच्याच सोबत्याला. प्रतिपक्षाने धरून पाडले की ती एक पकड. सहा पकडींत पलीकडची रेषा गाठता आली नाही तर चेंडू दुसऱ्याकडे. रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की 'ट्राय', त्याचे गुण चार. हुतुतू खेळलेल्या माणसाला हा खेळ परका वाटत नाही. अंगावर येणाऱ्या गड्याला कमरेत धरावे की घोट्यात, हा जो क्षणाचा निर्णय, तो तिथेही तोच आहे. हुतुतूचे सुधारलेले नियम १९२३ साली आपल्या बडोद्यातील अखिल भारतीय सामन्यांत लावून पाहिले गेले. त्या गावचा माणूस पकडीचे मोल जाणतोच.

या खेळाचा जन्मही सांगण्यासारखा आहे. ऑगस्ट १८९५ मध्ये उत्तर इंग्लंडातील क्लबांच्या प्रतिनिधींनी हडर्सफील्ड येथे जमून जुन्या रग्बी संघटनेपासून फारकत घेतली. गिरणीत आणि खाणीत राबणारा गडी सामन्यासाठी गेला की त्याचा रोज बुडे. तो त्याला भरून द्यावा, एवढीच क्लबांची मागणी होती. संघटनेला ती मान्य नव्हती. ज्याच्या अंगमेहनतीवर आपण मैदान भरवतो त्याचे आपण काही देणे लागतो, या एका प्रश्नातून हा खेळ वेगळा झाला. पुढे मी जे लिहिणार आहे त्याचे मूळ याच प्रश्नात आहे.

त्या दिवशीचा यजमान संघ 'डॉल्फिन्स'. रेडक्लिफचा मूळ क्लब १९४७ चा. आर्थर बीटसनसारखा आदिवासी वंशाचा थोर खेळाडू, जो पुढे ऑस्ट्रेलियाचा कर्णधार झाला, तो याच क्लबातून वर आला. परंतु राष्ट्रीय लीगमध्ये प्रवेश मिळाला तो ऑक्टोबर २०२१ मध्ये, सतरावा संघ म्हणून. २००७ नंतर लीगने नवा संघ घेतला नव्हता. शिक्षक वेन बेनेट, वय त्र्याहत्तर, सात अजिंक्यपदे पाठीशी. एवढे असूनही मोठे गडी येईनात. कॅमेरॉन मन्स्टर आणि कॅलिन पोंगा या दोघांच्या मागे क्लब पुष्कळ लागला, पण दोघेही आपल्या जुन्या संघांतच राहिले. हा संघ तळाला जाणार, असे भाकीत अनेक जाणकारांनी करून ठेवले होते.

ज्या घरात वडीलधाऱ्यांची गर्दी नसते तेथे धाकट्यांना लवकर बोलायला मिळते. नव्या संघाचेही तसेच आहे. मेलबर्नहून आलेले जेसी ब्रॉमविचसारखे काही अनुभवी गडी होते; बाकी पुष्कळ जागा मोकळ्या होत्या. म्हणून त्या फेब्रुवारीतल्या चाचणी सामन्यांना महत्त्व आले. एक सामना रॉकहॅम्प्टनला तेथील दुय्यम लीगच्या संघाशी, आणि दुसरा हा, शेजारच्या गोल्ड कोस्टच्या संघाशी.

अशा सामन्यात अनुभवी गडी काही वेळ खेळतात आणि बाजूला बसतात. मग पाठीवर विसाच्या पुढचे आकडे असलेली मुले आत येतात. यांतील काहींशी क्लबाने केलेला करार केवळ सराव आणि चाचणीपुरताच असतो. मुख्य यादी तीस जणांची. उन्हाळाभर घाम गाळायचा, आणि हंगाम सुरू होताना तीस जणांत जागा निघाली तर राहायचे, नाहीतर आपला रस्ता धरायचा. जाणकार प्रेक्षक अशा वेळी गुणफलकाकडे बघत नाहीत, तर त्या मुलांकडे बघतात.

आमच्या पुढच्या रांगेत एक मोठे कुटुंब बसले होते. टोंगा, सामोआ, न्यूझीलंड इकडून येऊन स्थायिक झालेल्या घरांतली मुले या खेळात पुष्कळ असतात, त्यांपैकीच हे एक असावे. आजी मधोमध, भोवती नातवंडे. त्यांचा मुलगा आत आला तेव्हा सारी रांग उभी राहिली. पहिलाच चेंडू त्याच्या हातून निसटला. रांग खाली बसली. आजी मात्र उभीच राहिली. पुढे त्या मुलाने लागोपाठ तीन पकडी केल्या. तिसऱ्या वेळी तर त्याच्याहून दीडपट माणसाला त्याने असा आडवा केला की मीही नकळत "शाब्बास!" म्हणून ओरडलो. आजींनी मागे वळून माझ्याकडे पाहिले आणि हसल्या. शब्द कळला नसेल, अर्थ कळला.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी सतरा वर्षांचा असताना एका मंडळाच्या हुतुतू संघासाठी दोन महिने सराव केला होता. पहाटे पाचला मैदान झाडण्यापासून सगळी कामे केली. निवडीच्या दिवशी संध्याकाळी फलकावर यादी लागली. मी ती वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. नाव नव्हते. आत तिघे जाणते गृहस्थ चहा घेत बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा बोलू लागले. अखेर दिवे मालवायला आलेला गडी म्हणाला, "घरी जा आता, बाळ." घरी कोणी काही विचारले नाही. आईने पानात तूप मात्र अंमळ जास्त वाढले. माझ्यापेक्षा चांगली मुले निवडली गेली, हे मला तेव्हाही मान्य होते. सलत होते ते एवढेच, की दोन महिन्यांच्या घामाला कोणी दोन वाक्यांचाही जबाब दिला नाही. पुढे चार वर्षे मी त्या मैदानाकडे फिरकलो नाही.

डॉल्फिन्सचे पुढे काय झाले, ते वाचकांस सांगितले पाहिजे. ५ मार्च २०२३ रोजी पहिल्याच सामन्यात त्यांनी सिडनी रूस्टर्ससारख्या मातब्बर संघाला २८-१८ असे हरवले. त्यात मोक्याची जागा सांभाळली ती इसाया कॅटोआ या एकोणीस वर्षांखालच्या रांगेतून नुकत्याच वर आलेल्या मुलाने. पुढचे दोन सामनेही त्यांनी जिंकले. नंतर दम कमी पडला आणि सतरांत तेरावा क्रमांक आला. पण भाकितातला तळ काही त्यांना मिळाला नाही. इतर क्लबांतून फिरून आलेला जमेन इसाको त्या हंगामात साऱ्या लीगमध्ये सर्वाधिक ट्राय करणारा ठरला. संधी मिळाली म्हणजे माणूस काय करतो, याचे हे दाखले. ते कोणीही देईल, आणि टाळ्याही पडतील.

मला मात्र त्या आजींचा नातू आठवत राहिला. काही महिन्यांनी मी पुतण्याला फोनवर विचारले. म्हणाला, "काका, तीस जणांत तो लागला नाही. पण खेळतोय. क्वीन्सलंडच्या दुय्यम लीगमध्ये दर आठवड्याला असतो." मला केवढे हायसे वाटले! रेडक्लिफचा जुना क्लब आणि रॉकहॅम्प्टनचा तो संघ यांच्याशी डॉल्फिन्सचे नाते जोडलेले आहे, ते याचसाठी. वरच्या पायरीवर जागा नसली तरी उभे राहायला खालची पायरी आहे, आणि तिथून वर जाणारा जिना मोडलेला नाही.

या लीगमध्ये आणखी संघ येत आहेत. २०२७ मध्ये पर्थचा आणि २०२८ मध्ये पापुआ न्यू गिनीचा संघ उतरणार, असे जाहीर झाले आहे. ज्या देशाचा रग्बी लीग हाच राष्ट्रीय खेळ, तेथे निवडीला किती मुले उभी राहतील याची कल्पनाच केलेली बरी. त्यांतली बहुतेक परत जातील. ती कशी परत जातात, यावर त्या संघाची खरी योग्यता ठरेल असे मला वाटते.

आणि आपल्या संघांची? उन्हाळ्याची सुट्टी लागली की बडोद्यात हुतुतूच्या, खो-खोच्या, क्रिकेटच्या निवडी सुरू होतात. आपल्याकडे तालमींची आणि जिमखान्यांची परंपरा मोठी, तिचा अभिमानही मोठा. त्या परंपरेच्या चालकांना माझी हात जोडून एक विनंती आहे. यादी फलकावर लावण्यापूर्वी ज्यांची नावे तीत नाहीत त्यांना एकेकाला बोलवा. काय चांगले होते, काय कमी पडले, पुढे कुठे खेळता येईल, हे त्यांच्या तोंडावर सांगा. चाळीस मुले असली तरी दोन संध्याकाळींचे काम आहे. त्याला ना वर्गणी लागते, ना सरकारी अनुदान.

पालकांनाही एक सांगणे आहे. मुलगा किंवा मुलगी निवडीहून परत आली की 'नाव लागले का?' असे पहिल्याच शब्दाला विचारू नका. आधी जेवायला वाढा. माझ्या आईला ते न शिकवता कळले होते. आणि हातातला चेंडू सुटल्यावरही उभी राहिलेली रेडक्लिफची ती आजी याच जातीची.