कोळंबी स्वस्त, माणूस त्याहून स्वस्त



पाथर्डी-शेवगावच्या कोरडवाहू शेतकऱ्याने कोळंबीची चिंता कशाला करावी, असे कुणी विचारील. आपल्या ताटात ज्वारीची भाकरी आणि ठेचा. पण ही गोष्ट मासळीची नाही, मालाच्या भावाची आहे.

२०२३-२४ साली भारतातून सुमारे ७ लाख १६ हजार टन गोठवलेली कोळंबी परदेशी गेली. त्यातली २ लाख ९७ हजार टन एकट्या अमेरिकेने घेतली. यातली बरीचशी समुद्रातली नव्हे, आंध्रच्या किनाऱ्याकडे खणलेल्या तळ्यांतली. तळ्यात खारे पाणी भरायचे, खाद्य-औषधे टाकायची आणि घाण पाणी ओढ्याला सोडायचे. शेजाऱ्याचे भाताचे रान खारावते, विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही. प्रवरेच्या कॅनॉलखाली चोपण झालेली रानं ज्यांनी पाहिली, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

तामिळनाडूचे सर्वोदयी कार्यकर्ते एस. जगन्नाथन हे प्रकरण घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेले. नागपूरच्या 'नीरी' संस्थेने पाहणी करून सांगितले, की मिळकतीपेक्षा नुकसान मोठे आहे. ११ डिसेंबर १९९६ रोजी न्यायालयाने किनारपट्टीच्या नियमात न बसणारी तळी मोडण्याचा आणि तिथल्या मजुरांना सहा वर्षांची मजुरी भरपाई देण्याचा हुकूम केला. अंमलबजावणी रखडली. २००५ साली संसदेने नवा कायदा केला आणि नोंदणीच्या कागदावर तळी चालू राहिली.

मार्च २०२४ मध्ये शिकागोच्या 'कॉर्पोरेट अकाउंटॅबिलिटी लॅब' या संस्थेने कोळंबी सोलणाऱ्या बायांची हकिगत मांडली. गारठलेल्या शेडमध्ये तासन्‌तास काम, किमान वेतनाहून कमी मजुरी, डोक्यावर कर्ज. निर्यातदारांनी आणि सरकारने हे आरोप फेटाळले. पण उचल म्हणजे काय, हे आपल्या जिल्ह्याला कुणी शिकवायला नको. दर हंगामाला इथूनच कोयते बाहेर पडतात.

हे घडते कसे? अमेरिकेतला मोठा दुकानदार भाव पाडतो. निर्यातदार ती तूट तळेवाल्या शेतकऱ्यावर ढकलतो. शेतकरी ती मजुरावर आणि जमिनीवर ढकलतो. त्यांच्याखाली कुणीच नाही. २०२५ साली अमेरिकेने आयातकर ५० टक्क्यांपर्यंत नेला, तेव्हाही मार खाली तळ्यापर्यंतच आला.

कापसाची साखळी याहून निराळी नाही. म्हणून आपण भाव मागतो तेव्हा वेचणाऱ्या बाईची पुरी मजुरी आणि जमिनीची झीज उत्पादनखर्चात धरलीच पाहिजे. आणि भाव पदरात पडला, की ती मजुरी तिच्या हातात गेली पाहिजे. नाहीतर कोळंबीवाल्यांना नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला राहणार नाही.

जिल्हा बैठकीला येताना वेचणीचा हिशेब घरून मांडून आणा. घरातल्या मालकिणीलाही बरोबर आणा, हिशेब तिला जास्त कळतो.